पेले मी धुतले, विजू

प्रिय विजू,

उद्या प्रभुभोजनाचा रविवार. आत्ता दुपारी चर्चमधले द्राक्षरसाचे छोटे पेले धुऊन, पुसून तबकात मांडले आणि घरी येऊन तुला लिहायला बसले. तू गेल्यापासून दोनदा ते तबक माझ्यासमोर आलं आणि दोन्ही वेळा मी ते तसंच पुढं सरकवलं. पेले धुतले मी, प्यायले मात्र नाही. कारण कोण? तू!

जळते रे मी तुझ्यावर. सख्ख्या धाकट्या भावावर, तेही तू मातीत गेल्यावर! सांगायलासुद्धा लाज वाटते.

तू विट्याच्या माणसांबरोबर तमिळनाडूत गेलास. गलाईच्या दुकानात सोनं गाळायला म्हणून गेलास आणि दारू प्यायला शिकलास. आई अंथरुणाला खिळली तेव्हा कुठं होतास? तिच्या मातीलाही आला नाहीस. इथं वडूजला तिचं सगळं मी केलं. चर्चमधल्या पोरांची शब्बाथ शाळा चालवली, दर नाताळाला अख्ख्या मंडळीचा स्वयंपाक केला. लग्न तेवढं राहून गेलं.

मग आलास, यकृताची वाट लावून, माझ्याच हातची पेज खायला. आणि तीन महिन्यांत तुझं सगळं माफ!

पाळकसाहेब घरी प्रभुभोजन घेऊन आले, तो दिवस आठवतो? तुझे हात थरथरत होते म्हणून पेला मी धरला होता. लहान पोरासारखा रडलास. म्हणालास, "आक्का, म्या कायबी केलं न्हाई गं, तरी देवानं मला जवळ घेतलं." आणि मी काय बघत होते? द्राक्षरस चादरीवर सांडतोय का, ते!

तुझ्या अंत्यविधीला पाळकसाहेब म्हणाले, देवानं विजयला तारलं ते त्याच्या विश्वासामुळं, कर्मांमुळं नाही. सगळ्यांनी डोळे पुसले. मी मागं चहाच्या पातेल्यापाशी उभी होते. माझ्याबद्दल कधी कुणी इतकं भरून बोललंय का?

परवा त्यांना गाठलंच. "आवं पाळकसाहेब, मग मी येवढी वर्सं राबले, ते वाया गेलं व्हय?"

ते म्हणाले, "वाया कशानं जाईल, आक्का? लोकं जेवली, आई सुखानं गेली. पर त्येच्या जोरावर देवाच्या दारातनं आत जायाचं म्हणशिला, तर न्हाई जमायचं. विजू हात हलवत आला. तुमी बी तसंच या."

हात हलवत! मला ते येतच नाही, विजू. शेजारी जायचं तरी मी वाटीभर काहीतरी घेऊन जाते.

आज पेले पुसताना लक्षात आलं, इतक्या वर्षांत प्रभुभोजनाच्या मेजापाशी मला एकदाही रडू आलेलं नाही. सगळ्यांना पेले पुरतील ना, एवढीच काळजी. तुला त्या एका घोटात जे मिळालं, ते मला कधी मिळालंच नाही. माझी सगळी जळफळ त्याचीच आहे रे!

म्हणून ठरवलंय. उद्याचे उष्टे पेले दुसरं कुणीतरी धुवेल. पाळकीणबाईंना तसं सांगितलं, तर त्या बघतच राहिल्या. मी पहिल्या बाकावर बसेन, नुसती. तबक आलं की एक पेला उचलेन, आणि हात थरथरला तर थरथरू देईन. तुला वचन देते.

तुझी, अजून थोडी जळणारी,
आक्का