टेबल क्रमांक चार

४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,
स. न. वि. वि.

हे जाऊन महिना झाला. काल यांच्या वस्तू आणायला तुमच्या ऑफिसात गेले होते. चष्मा मिळाला, कप मिळाला. फळ्यावर चौकशीचा अहवालही लावलेला दिसला. ‘संगणकांत व्हायरस टेबल क्रमांक चारवरून शिरला. कर्मचाऱ्याने अनोळखी फाइल उघडली.’ चार नंबरचं टेबल यांचं. खाली सही तुमची.

पत्रावर पाठवणाऱ्याचं नाव नसलं तर न फोडता आठवडाभर ठेवणारा तुमचा भाऊ. त्याने अनोळखी फाइल उघडली, हे तुम्हाला खरं वाटलं? ती ओळ काढून घ्या, एवढंच मागणं.

लेकरांना आशीर्वाद.
तुमची वहिनी

९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुम्ही उगाच मनाला लावून घेता. अहवालात कुणाचं तरी टेबल लिहावंच लागतं. तो तपासणारा इंजिनीअर ‘वर्म, वर्म’ म्हणत बसला होता. मीच म्हटलं, व्हायरस लिही, लोकांना कळतं. एकाच माळेचे मणी! दादा आता नाही, त्याला बोल लागत नाही. मला इथे अजून अकरा वर्षं काढायची आहेत. दादाने समजून घेतलं असतं.

तब्येतीला जपा. माया आहेच, ती राहू द्या.
तुमचा धाकटा दीर

१७ फेब्रुवारी

भाऊजी,
नमस्कार.

त्या इंजिनीअरला भेटून आले. मी संगणक शिकलेली नाही, पण त्याने सांगितलं ते मला एका बैठकीत कळलं. तुम्हाला संगणक खात्याचे प्रमुख असून कळलं नाही, म्हणून लिहिते.

व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून येतो. माणसाने ती उघडली तरच तो जागा होतो. वर्मला ना फाइल लागते, ना माणूस. तो जोडलेल्या यंत्रांतून स्वतःच पसरतो. तुमची बावीस यंत्रं जेवणाच्या सुट्टीत, वीस मिनिटांत बंद पडली. तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं. हे तर तीन दिवसांपासून इस्पितळात होते.

मग चार नंबरच का? मी विचारलं. बिचारा ओशाळला. म्हणाला, तीच खुर्ची रिकामी होती, म्हणून तिथे बसून तपासायला सुरुवात केली. अहवालात ते पहिलं यंत्र झालं.

आत शिरायला वर्मने जी फट वापरली, ती बुजवायची दुरुस्ती चार महिने आधी आली होती. ती सगळ्या यंत्रांवर चढवायचं काम तुमचं. व्हायरस लिहिलं की फाइल उघडणारा दोषी. वर्म लिहिलं की तुम्ही. म्हणून लोकांना कळणारा शब्द हवा होता होय?

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात, असं ऐकलं होतं. सख्खा भाऊ ते खाऊन वर माया राहू द्या म्हणेल, हे ठाऊक नव्हतं.

इंजिनीअरने सगळं लिहून सही करून दिलं आहे. आज सकाळी ते मी तुमच्या साहेबांच्या हातात दिलं. आधी तुम्हाला विचारावं असं क्षणभर मनात आलं, पण विचारण्याजोगं माणूस दिसेना.

उत्तराची तसदी घेऊ नये.

तुमच्या भावाची बायको