तेरा भागांची खात्री कोण देणार

१५ जानेवारी १९८९, रवि. सेक्टर २२

आज तेरा भागांची नवी मालिका सुरू झाली आणि बीजींनी टीव्ही उघडलाच नाही. घरमालकीण त्या, टीव्ही त्यांचा, टीव्हीच्या लाकडी शटरची किल्ली त्यांच्या ओढणीच्या गाठीत. मी वरच्या खोलीतला भाडेकरू, माझ्याकडे फक्त ट्रान्झिस्टर. सकाळी खाली जाऊन म्हटलं, 'बीजी, नया सीरियल है.' मटार सोलता सोलता वर न बघता, 'पूरा चल्लेगा? लिख के दे.'

मी काय सरकार आहे?

राग जुना आहे. दिवाळीच्या सुमारास चालू होती ती मालिका मध्येच बंद पडली. जमीनदाराचा धाकटा मुलगा घर सोडून निघतो, काखेत वळकटी, स्टेशनवर येतो, लांबून गाडी दिसते. आणि पुढच्या रविवारी त्या जागी शेतीचा कार्यक्रम, फुलकोबीवरची कीड. का बंद, कोणी बंद केली, कुठे छापून आलं नाही. बीजी अजून म्हणतात, 'ओ मुंडा अजे वी टेशन ते खड़ा ए. ठंड विच.' त्या पोराला थंडी वाजत असेल याचं त्यांना खरोखरच वाईट वाटतं.

शेवटी बाजारातल्या टीव्हीच्या दुकानासमोर उभं राहून काचेतून पाहिला पहिला भाग. डोंगरातलं गाव. बंद पडलेल्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई येते. आधीचे डॉक्टर एके दिवशी उठून निघून गेले, ते का, कोणी बोलत नाही. बरी वाटली. पाय गोठले.

१७ जाने., मंगळ.

आईला फोन. एसटीडी बूथवर रांग. कऱ्हाडला फोन शेजाऱ्यांकडे, आई येईपर्यंत मीटर पळत होता.

पुण्याचा निरोप आलाय. वसुधाचे वडील म्हणतात, मुलगा पसंत, घर पसंत, पत्रिकेचं आम्ही मानत नाही. फक्त तिकडचं अतिरेक्यांमुळे तापलेलं वातावरण जरा निवळू दे, मग सुपारी फोडू.

'निवळू दे म्हणजे कधी?' मी.

'ते मला काय विचारतोस? तूच पेपर वाचतोस ना तिथं बसून?' आई.

तळपायाची आग मस्तकात. नाही म्हणा, समजेल. हो म्हणा, नाचेन. हे कसलं गुळमुळीत!

डिसेंबरात चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत तिच्या मामांच्या क्वार्टरमध्ये भेटलो होतो. मामा मेजर. ती सुट्टीला आली होती. पोहे, चहा, मग दोघांना बागेत सोडलं. तिने विचारलं, लॅबमध्ये तुम्ही नेमकं करता काय? मी अर्धा तास कंपनं शोषून घेणाऱ्या टेबलाबद्दल बोललो. तिने जांभई दिली नाही. उलट विचारलं, 'मग जवळून ट्रक गेला तर?' हा प्रश्न आमच्या साहेबांनीसुद्धा विचारलेला नाही.

मला ती आवडली. इथे स्पष्ट लिहून ठेवतो, बाहेर बोलायची सोय नाही.

२२ जाने., रवि.

तह झाला. बीजी टीव्ही उघडणार, पण बघणार नाहीत. मी बघायचं. त्या पाठ करून बसणार. मला वाटलं गंमत करतायत. खरंच खुर्ची फिरवली, भिंतीकडे तोंड, मांडीवर लोकर. दुसरा भाग मी त्यांच्या अंबाड्याशेजारून पाहिला.

डॉक्टरीणबाई पहिल्या पेशंटला तपासते, तो पैसे न देता शिव्या देऊन जातो. भिंतीकडून आवाज, 'बेशरम.'

'आप देख नहीं रहीं ना?'

'कन्न तां खुल्ले ने.' कान उघडेच आहेत म्हणे.

मला त्या 'काका' म्हणतात. इकडे पोरासोरांना काका म्हणतात हे कळायला मला दोन महिने लागले. तोवर मी सारखा आरशात केस बघत होतो.

२७ जाने., शुक्र.

पिंजौरला गेलो, टेबलाच्या पायाचं ओतकाम आणायला. येताना बस दोनदा थांबवली. सगळे खाली, डबे उघडा, पिशव्या उघडा. माझ्या पिशवीतला लोखंडी तुकडा बघून जवान थबकला.

'ये क्या है?'

'पुर्ज़ा है जी.'

'किस चीज़ का?'

ती चीज अजून तयारच नाही, काय सांगणार. ओळखपत्र दाखवलं. तरी बाजूला उभं केलं. बस माझ्यासाठी थांबली, लोक खिडकीतून माझ्याकडे बघत होते. वाईट नजर नव्हती, पण ओळखीचीही नव्हती. शेवटी सोडलं. शेजारची बाई सरकून बसली आणि मला अर्धा मुळा दिला, मीठ लावून.

हे पुण्याला कळलं तर सुपारी अडकित्त्यातच राहायची. आईलासुद्धा कळवायचं नाही.

५ फेब्रु., रवि.

मालिका नाही. 'रुकावट के लिए खेद है'ची पाटी, मग सतार. मागच्या रविवारी तिसऱ्या भागात बाईला जुन्या डॉक्टरांचा चष्मा औषधांच्या कपाटात सापडला होता. चष्मा टाकून माणूस जातो कसा? आठवडाभर माझ्या डोक्यात तेच.

बीजी जिंकल्या. 'मैं केहा सी ना?' पण चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. किल्ली गाठीत बांधताना दोनदा सुटली.

१२ फेब्रु., रवि.

आजही नाही. समूहगान.

लॅबमधला पुण्याचा एक जण बदली करून घेतोय. मला म्हणाला, 'तिकडे जागा निघाली आहे, अर्ज टाक. तुझं लग्नही मार्गी लागेल.' आईचंही तेच. खरं तर सोपं आहे. पण टेबल अर्धं झालंय. आणि दुसरं असं, की मी इथे आहे म्हणून मी अर्धा, आणि पुण्याला गेलो की पुरा? चिडचिड झाली. दुपारभर सेक्टरमध्ये चकरा मारल्या. ऊन छान होतं, तेही सहन होईना.

१६ फेब्रु., गुरु.

मेजर मामांचा लॅबमध्ये फोन. 'पाटणकर, आमचं पोस्टिंग आलं. जोधपूर. मार्चअखेर हलायचं.' अभिनंदन म्हणालो. मग ते हळूच, 'बघ, मी इथे होतो तोवर भावजींच्या जिवाला आधार होता. आता ते काय म्हणतील सांगता येत नाही.'

सांगता येतं. नाही म्हणतील. मला पहिल्यांदाच भीती वाटली की हे सगळं असंच राहून जाईल, कोणी नाही न म्हणताच.

पुढे म्हणाले, 'वसुधा येतेय मामीला सामान बांधायला मदत करायला.' नंतर मी एक मायक्रोमीटर पाडला.

१९ फेब्रु., रवि.

मालिका परत आली! काहीच झालं नाही अशा थाटात. चौथा भाग.

बीजींची खुर्ची भिंतीकडे. पाच मिनिटांनी खिडकीकडे. मग 'सलाई कित्थे गई' म्हणत सुई शोधायला वळल्या त्या तशाच राहिल्या. मी मूग गिळून बसलो. हसलो असतो तर शटर बंद.

४ मार्च, शनि.

चंडीमंदिरला गेलो. मामांचं क्वार्टर म्हणजे गोदाम झालंय. काळ्या ट्रंका, पेंढा, खोकी. वसुधा (इथून पुढे नुसतं व.) जमिनीवर बसून ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने मामांचं नाव आणि जोधपूर लिहीत होती. नाकावर रंग. मामींनी चहाचं निमित्त करून आम्हाला व्हरांड्यात सोडलं.

मी सगळा घोळ घातला. घरून ठरवून निघालो होतो, टेबलाबद्दल बोलायचं, हवेबद्दल बोलायचं. आणि पहिलंच वाक्य: 'मग तुमच्याकडून काय समजायचं? हो की नाही?'

तिने ब्रश डब्यात ठेवला. 'पुण्याची जागा निघालीय म्हणे. अर्ज नाही केलात?'

'केला तर हो म्हणाल?'

'म्हणजे मी बक्षीस?'

ती ट्रंकेकडे वळली, 'जो'चा काना परत गिरवला. मग म्हणाली, 'बाबा रोज विचारतात तिथे काही झालं का. मी रोज सांगते, आज काही झालं नाही. कंटाळा येतो हो.' आवाज भरून आला होता की रागावला होता, कळलं नाही. मामी चहा घेऊन आल्या.

परतीच्या बसमध्ये स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की शेजारच्याने वळून बघितलं.

९ मार्च, गुरु.

संध्याकाळी बाजारात धडाधड शटर पडली. कोणी म्हणतं गोळी, कोणी म्हणतं स्कूटरचा सायलेन्सर. मी ब्रेड घेत होतो. सगळे पळाले म्हणून मीही पळालो, आणि पळताना कोणाचं तरी लहान मूल माझ्या पायाशी आलं, ते उचलून पुढे धावणाऱ्या बाईच्या हातात कोंबलं. घरी आल्यावर बीजींनी दार लावून आडणा घातला आणि मला स्वयंपाकघरात बसवलं. चहात साखर किती घातली देव जाणे. मग माझ्या पाठीवर थापटत राहिल्या, आपल्या आईने थापटावं तसं. मला रडू आलं. हे कोणाला सांगणार नाही.

पेपरमध्ये काही आलं नाही तर नशीब.

१० मार्च, शुक्र.

पुण्याचा अर्ज टाकला. भ्यालो म्हणून टाकला, मोठं कारण नाही. पेटीत पडल्याचा आवाज आला तेव्हा सुटल्यासारखंही वाटलं आणि टेबलाशी बेइमानी केल्यासारखंही.

१२ मार्च, रवि.

सातवा भाग. बीजी आता सरळ समोर बसतात, भिंतीचं कोणी नाव काढत नाही. आज जुन्या डॉक्टरांची बायको गावात येते, दवाखान्याच्या दारात उभी राहते, आत येत नाही. तिथेच संपवलं मेल्यांनी.

पेपरच्या आतल्या पानात दोन ओळी: काही मालिकांचा फेरविचार चालू आहे. नावं नाहीत. बीजींना वाचून दाखवलं नाही.

मामा मंगळवारी, २१ला निघणार. व. त्यांच्याबरोबर दिल्लीपर्यंत, तिथून पुण्याला. तिच्या वडिलांचा त्यांना फोन आला होता, 'आता तो विषय नको' म्हणाले. मामा मला हे सांगताना तीनदा खोकले.

१९ मार्च, रवि.

सकाळी आठवा भाग नुकताच सुरू झालेला, तेवढ्यात दार वाजलं. मामी आणि व. सेक्टर २२च्या बाजारात सुतळी आणि गोणपाट घ्यायला आल्या होत्या. मामी म्हणाल्या, 'इतक्या जवळ आलो, म्हटलं तुमचा निरोप घ्यावा.' मी दारातच खांबासारखा. बीजी आतून ओरडल्या, 'काका, अंदर बुला, ते चुप करके बैठो सारे!'

बसलो चुप करके. मामी कॉटवर, व. खाली सतरंजीवर माझ्यापासून हातभर. पडद्यावर जुन्या डॉक्टरांची बायको चष्मा हातात घेते. मध्येच गावाची जाहिरातीसारखी लांबलचक दृश्यं. मग नावं पडायला लागली.

व. हळूच म्हणाली, 'ही बाई कोण?'

मी म्हटलं, 'मोठी गोष्ट आहे. आणि तुम्ही नाद लावून घेऊ नका. मध्ये दोन आठवडे गायब होती. पेपरमध्ये आलंय, बंदही करतील. शेवट दाखवतील याची काही खात्री नाही.' हे बोलताना मला माझाच राग आला. तिच्या वडिलांचं वाक्य मी का बोलतोय?

तिने माझ्याकडे बघितलं. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच नीट बघितलं.

'शेवट मी विचारलाच नाही,' म्हणाली. 'आतापर्यंत काय काय झालं, ते सांगा.'

'वेळ लागेल.'

मामी उठल्या होत्या, पिशवी हातात. 'चल गं, दुकानं...' व. जागची हलली नाही. 'मामी, सुतळी तुम्ही घेऊन या. मी बसते इथे.' मामींनी बीजींकडे बघितलं. बीजींनी, 'जा बहनजी, मैं हैगी आं', मी आहे ना, म्हणत त्यांना जवळजवळ बाहेरच काढलं आणि चहा ठेवायला गेल्या.

अर्ज टाकल्याचं ओठांवर आलं होतं. सांगितलं नाही.

पहिल्या भागापासून सुरुवात केली, दुकानाच्या काचेतून जेवढं ऐकू आलं होतं तेवढं. स्वयंपाकघरातून बीजी चुका काढत होत्या, भिंतीकडे तोंड करून ऐकलेल्या भागातल्यासुद्धा. व. मध्येमध्ये विचारत होती. चष्म्यापाशी आलो तेव्हा म्हणाली, 'थांबा, चष्मा टाकून माणूस जातो कसा?'

चौथा भाग निम्मा झाला आणि मामी परत आल्या. निघताना दारात व. म्हणाली, 'उद्या सामान जातंय. दुपारी मी मोकळी आहे.'

लॅबमधून उद्या अर्धी रजा.