मुक्या झालेल्या आगगाड्या

ती. मामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतोय, ते एवढ्या लांबून पोचलं असं समजून आशीर्वाद द्या. मामींचे गुडघे कसे आहेत? तुमच्या कंबरेचं विचारत नाही, शिलाई मशीनसमोरून उठाल तेव्हा ना ती बरी होणार! मी खुशाल आहे.

आगगाड्यांवर काम लागलं, एवढंच मागं कळवलं होतं. (आईनं ते घरोघर पोचवलं असेलच.) गाड्या आहेत, पण इंजिन तळहातावर मावतं. एका म्हाताऱ्या घड्याळजींची ही हौस. माडीवर खिडकीपासून दारापर्यंत टेबल, त्यावर रूळ, बोगदे, कापसाचे ढग आणि एक स्टेशन, तिथं कागदाची माणसं कधीची ताटकळत उभी आहेत. दुपारचं ऊन बोगद्यात शिरलं की वाटतं, आपणही अंगठ्याएवढं व्हावं, डब्यात बसावं आणि थेट तुमच्या दुकानाच्या पायरीशी उतरावं.

खाली घड्याळजींची सून (मी वहिनी म्हणतो) दुपारी झोपते, म्हणजे झोपू बघते. एक दिवस वर येऊन म्हणाली, "किती कोकलतात रे त्या गाड्या! तेल घाल की मेल्या." तेल घालण्यात माझा हात कोण धरणार? तुम्ही शिकवलंत तसं, खाली ओघळेपर्यंत घातलं. पण इथं सुईच्या टोकावर राहील एवढाच थेंब लागतो म्हणे. रूळ निसरडे झाले, चाकं जागच्या जागी गरगरली, मालगाडी बोगद्यात रुसून बसली. मग सगळी इंजिनं खोलली, जुन्या सदऱ्यानं पुसली, दात घासायच्या ब्रशनं दातेरी चाकं घासली, सुईनं थेंब थेंब सोडला. मामा, गाड्या अशा चालल्या जशी मांजर गादीवरून जाते! वहिनी घोरायला लागली.

आणि घड्याळजी हिरमुसले. त्यांचे डोळे गेलेत, ते गाड्या कानानं बघायचे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कुईकुई करत येते ती मालगाडी, खडखडते ती टपालाची, किंचाळते ती त्यांच्या बायकोची लाडकी (ती बाई आता नाही). आता विचारतात, "कुठंय रे गाडी?" मी म्हणतो, "पुलावर." "कुठली?" मी सांगेपर्यंत बटण बंद. मग नुसते बसून राहतात. जेवणसुद्धा अर्धंच.

तुमचा,
उनाड भाचा

ता. क. : खरं विचारायचंय ते हे. तुम्ही जन्मभर मशीनला तेल पाजताय, तरी ती गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येते. हे कसं जमवता? लाजू नका, लगेच कळवा.

आणखी ता. क. : तोवर मी टेबलाखाली आडवा होऊन तोंडानं कुईकुई करतो. (वहिनीची झोप पुन्हा उडाली.) काल घड्याळजींनी बराच वेळ कान दिला, हसले आणि म्हणाले, "सूनबाई, टेबलाखालच्या इंजिनाला वर काढ. चहा पाज त्याला, घसा बसलाय." मग पोटभर जेवले.

शेवटचा ता. क. : तरी उपाय कळवाच. आणि मी येईपर्यंत तुमच्या मशीनला एक थेंबही घालू नका. गल्लीच्या तोंडापासून मला डोळे मिटून घरी यायचंय.