आतली जाळी

२ डिसेंबर, सोमवार
सोलापूरला जाऊन ऑपरेशनच्या जखमेतली नळी काढून आले. चौदा दिवस तिची पिशवी गाउनच्या खिशात घालून हिंडत होते. डॉ. बाई म्हणाल्या, "छान बसलंय. जड उचलायचं नाही, हात फार वर न्यायचा नाही." येताना बार्शीपर्यंत उभी. स्वतः एसटीची कंडक्टर, पण जागा मागायची लाज वाटली. गाडीवरचा कंडक्टर ओळखीचा निघाला, त्यानं एकाला उठवून बसवलं. "आजारी होता का मॅडम?"
थोडं, म्हणाले.

५ डिसेंबर
आंघोळीनंतर आज पहिल्यांदा नीट बघितलं. डावी बाजू जरा वर. टणक, गार. हात लावला की परकी वाटते. पण ब्लाउज घातला की दोन्ही सारख्या. एवढंच हवं होतं. भरल्या गाडीत साठ माणसांतून वाट काढत तिकिटं द्यायची, आणि सगळ्यांची नजर आधी तिथंच...
परंड्याच्या दादाला अर्धंच सांगितलंय. गाठीमुळं छाती काढणार एवढं त्याला माहीत. त्याच ऑपरेशनात नवी बसवणार होते, ते कागदावर होतं, पण त्यानं न वाचता भिंतीकडं बघत सही केली. भावाबहिणीत हे बोलायचं कसं.

११ डिसेंबर
वहिनी आली, भाकरी नि शेंगदाण्याची चटणी घेऊन. "बघू दे जखम," म्हणाली. नको नको म्हणेस्तोवर तिनं पदर सारला.
"ही तर हाय की गं."
"आतून काढली. ही नवी बसवलीय."
तिनं पदर परत नीट केला. मग म्हणाली, "आता कुणाला दाखवायचंय, शालन? तुझं मालक जाऊन आठ वर्सं झाली."
मी म्हणाले, मला बघायचंय. हळूच म्हणाले, तिला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. चहा घेतला आणि चारच्या गाडीनं गेली. भाकरी दोन दिवस पुरतील.

१५ डिसेंबर, रविवार
पडल्या पडल्या तेच आठवतं. ऑपरेशनच्या आधी डॉ. बाईंनी टेबलावर दोन तुकडे ठेवले होते. इम्प्लांट खाली सरकू नये म्हणून त्याला जाळीचा आधार देतात, झोळीसारखा. एक तुकडा जनावराच्या कातडीचा, धुऊन-साफ करून नुसता सांगाडा ठेवलेला. पांढरा, जाडसर. दुसरा कारखान्यात केलेल्या धाग्याचा, मच्छरदाणीसारखा.
"कुठलं जनावर?"
"काही डुकराच्या असतात, काही गुरांच्या."
मी म्हणाले, मग धाग्याची लावा.
त्या म्हणाल्या, "दोन्हींना आपापले धोके आहेत. पाणी साठू शकतं, जंतू लागू शकतात. जंतू लागले तर कधीकधी सगळंच काढावं लागतं. तुम्हाला शुगर आहे, म्हणून जास्त जपायचं. अमुकच जाळी चांगली असं छातीठोक सांगता येत नाही." स्वतःचाच शब्द ऐकून थबकल्या. मग दोघी हसलो.
त्यानंतर कुणाबरोबर हसल्याचं आठवत नाही.

२३ डिसेंबर, सोमवार
टाक्यांच्या खाली लाल झालंय. रुपयाएवढं. गरम लागतं. फोटो काढून पाठवला. उत्तर आलं, उद्या या.

२४ डिसेंबर
सोनोग्राफी. जाळीच्या भोवती पाणी. सुईनं काढलं, गढूळ, तपासायला पाठवलं. गोळ्या बदलल्या. "ताप आला तर थांबायचं नाही," दोनदा बजावलं.
शेजारच्या खुर्चीवर एक बाई, तिच्याबरोबर नवरा, सासू, बहीण. त्यांनी मला अर्धं संत्रं दिलं.

२८ डिसेंबर
लाली वाढलीय. डेपोतून फोन, जानेवारीत हजर होणार ना? हो म्हणाले.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस
सकाळपासून ट्रॅक्टर, टमटम, मोटारसायकली, सगळं कळंब अवसेची पूजा नि जेवण करायला शेताकडं. घरमालकीण काकू आंबील नि भज्जी बांधून दारात आल्या, "चल की, एकटी काय करतीस?" अंग दुखतंय म्हणाले. त्या गेल्या नि गल्लीत कुत्रंसुद्धा राहिलं नाही.
अकरा वाजता थंडी वाजली. ताप १०२. ब्लाउज ओला लागला, बघते तर टाक्यातून पाणी. डॉ. बाईंना फोन केला. "आत्ताच्या आत्ता निघा."
सोलापूर गाडीत मोजून सात माणसं. येरमाळ्यापर्यंत दोन्ही बाजूंना शेताशेतात कडब्याच्या खोप्या, माणसं पंगतीला बसलेली. मी पदराआड टॉवेल दाबून बसले. एका रानातून बायांनी गाडीला हात केला, जेवायला या म्हणून. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मला रडू आलं ते तेव्हा.

३१ डिसेंबर
भरती. हाताला सलाईन, डाव्या हातानं लिहितेय, वाकडंतिकडं.
जाळीला जंतू लागलेत. धुऊन नवं इम्प्लांट बसवायचा प्रयत्न करता येतो, पण शुगर नि ताप बघता काढलेलं बरं, असं डॉ. बाई म्हणाल्या. विचारलं, ती दुसरी जाळी घेतली असती तर?
"नाही सांगता येत. तिच्यातही झालं असतं कदाचित." खोटा धीर दिला नाही, बरं वाटलं. आणि नाहीही वाटलं.
"बरोबर कोण आहे?"
कुणी नाही.
"कुणाला तरी बोलवा, बाई."
वहिनीला लावला नि कट केला. परत लावला, परत कट. मग तिचाच आला. सगळं सांगितलं. वाटलं आता बोलेल, मी म्हणलं नव्हतं का. पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज. मग, "काय खाल्लंयस का सकाळपासून?"

२ जानेवारी
काल काढलं. जाळीसकट सगळं. शुद्धीवर आले तेव्हा वहिनी पायाशी बसलेली, दादा बाहेर.
आज ड्रेसिंगच्या वेळी ती बाहेर गेली नाही. सगळं बघितलं. सिस्टर गेल्यावर म्हणाली, "मला वाटलं, म्या तसं बोलले म्हून हे झालं..." आणि थांबली.
तसं काही नसतं गं, एवढं म्हणायला हवं होतं. मी खिडकीकडं बघत राहिले.

९ जानेवारी
कळंब. वहिनी पाच दिवस राहून आज गेली. घर झाडून, डाळ शिजवून गेली. दोघींनी त्या विषयावर एक शब्द काढला नाही. ती होती तेव्हा जावी वाटत होती.
ब्लाउजच्या आत डावीकडं कापूस भरून बघितला. चाललं की सरकतो.

३ फेब्रुवारी, सोमवार
हजर झाले. हलकं काम म्हणून चौकशीच्या खिडकीवर. माइकवर गाड्या सांगायच्या. बार्शी कितीला, लातूर लागली का, दिवसभर तेच. खिडकीपलीकडून कुणी माझ्याकडं बघत नाही, घड्याळाकडं बघतात. याचीच भीती होती की हेच हवं होतं, कळेना.

१० मार्च, सोमवार
सोलापूर. जखम भरलीय. गाठीचं भय सध्या नाही, गोळ्या चालू ठेवायच्या.
डॉ. बाईंनी सगळं परत नीट सांगितलं. सहा महिन्यांनी पुन्हा इम्प्लांट करता येईल, या वेळी कातडीची जाळी घेऊन बघू. नाहीतर पोटाचं मांस घेऊन, त्यात जाळीही नको नि इम्प्लांटही नको, पण ऑपरेशन मोठं. नाहीतर असंच. "असंच राहणं म्हणजे हरणं नव्हे," म्हणाल्या.
"घरचे काय म्हणतात?"
"घरी मीच आहे."
त्यांनी पेन खाली ठेवला. "मग तुम्ही काय म्हणता?"
नोव्हेंबरात विचारलं असतं तर पटकन सांगितलं असतं. आज तिन्ही वाटा बोटांवर परत मोजल्या, एकीवरही बोट थांबलं नाही.
त्यांनी घाई केली नाही. बाहेर पेशंट खोळंबले होते तरी बसून राहिल्या. शेवटी सप्टेंबरची तारीख लिहून दिली. कशासाठी यायचं, ती ओळ मोकळीच ठेवली.