दमलात, की लग्न झालं?

३ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तू हसणार हे ठाऊक असूनही लिहिते. माझी स्पॅनिश पुन्हा बाहेर काढली आहे. पन्नाशीत हौसेने वर्ग लावला, परीक्षाही दिली. पण नंतर तोंडातून शब्द काढला नाही, त्यामुळे सगळी गंजली आहे.

झालं असं, की रुग्णालयात माझ्याकडे व्यायामासाठी एक क्रेनवाले आजोबा आलेत. जन्म बंदरावर क्रेन चालवण्यात गेला. पक्षाघाताने उजवा पाय लुळा पडला आणि इथली भाषा डोक्यातून पुसली गेली. उरली ती लहानपणी घरात बोलायचे ती स्पॅनिश, आणि तीही नुसती कळते. बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. पावलं टाकायला लागले नाहीत तर घरी सोडणार नाहीत, कायमचे शुश्रूषागृहात जातील. त्यांची लेक बस चालवते, दिवसा येऊ शकत नाही. तिने माझा हात धरून विचारलं, तुम्हाला येते ना त्यांची भाषा? मी हो म्हणून बसले! आता रोज रात्री जुनी वही घोकतेय.

मुलांना गोड पापे.
तुझी ताई

१० मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

हसलो, खोटं कशाला बोलू. हीसुद्धा हसली. तुझी पेटी सा-रे-ग-मच्या पुढे गेली नाही, माझ्या स्वेटरला अजून एकच बाही आहे. स्पॅनिश मात्र तू परीक्षेपर्यंत नेलीस, हेच नवल!

पण ताई, चुकायला लाजू नकोस. माझ्या चष्म्याच्या दुकानात लोक भिंगं घासूनपुसून कपाटात ठेवतात आणि मग दिसत नाही म्हणून येतात. वापर म्हणजे झालं. रोज आरशापुढे बडबड कर. भावोजी घाबरले तर आमच्याकडे पाठव.

माया आहेच, ती राहू दे.
तुझा धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझे भावोजी घाबरले नाहीत, पण भाजीवाल्यापुढे मी स्पॅनिशमध्ये आकडे मोजल्यावर चार पावलं लांब जाऊन उभे राहिले.

आता खरी बातमी. आजोबांना कठड्याला धरून उभं करत होते. दर दोन पावलांनी मी काळजीने विचारायची, “कासादो?” म्हणजे दमलात का? ते माझ्याकडे विचित्र बघायचे. असं आठवडाभर चाललं. मंगळवारी विचारलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, झटका आला. घाबरून घंटीकडे हात नेला, तर ते हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि आजारानंतरचा पहिला शब्द बोलले, “कान्सादो.” दमलेला म्हणजे कान्सादो, माझ्या कासादोचा अर्थ निघाला लग्न झालेला. मी आठवडाभर म्हाताऱ्याला दर दोन पावलांनी लग्नाचं विचारत होते रे!

संध्याकाळी लेकीला सांगितलं, तर ती बसचा गणवेश घातलेली, तशीच खुर्चीत बसून रडली. आता ते माझी प्रत्येक चूक सुधारतात. चूक सुधारायला बोलावंच लागतं, म्हणून मी थोड्या मुद्दामही करते.

सगळ्यांना आठवण.
तुझी ताई

२४ एप्रिल

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

आजोबा घरी गेले! काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. लेक म्हणते, आता वडील गप्पच बसत नाहीत. भाषा पुन्हा गंजू नये म्हणून मी दर रविवारी त्यांच्याकडे जाते. भावोजींना वाटतं, मी आजोबांना शिकवते. वाटू दे.

काल त्यांचा फोन आला. फोनवर हातवारे नाहीत, तरी शब्दन् शब्द कळला. लेक कामावर गेल्यावर हे एकटेच जिना उतरून कोपऱ्यावर कॉफी प्यायला गेले होते. आता वर चढवेना, लेकीला सांगू नका, म्हणे. चांगलं फैलावर घ्यायचं होतं, पण रागवायचे शब्द वर्गात शिकवलेच नव्हते. मग सरळ मराठीत झापलं, अगदी लहानपणी तुला झापायचे तसं. पलीकडून नम्रपणे आवाज आला, “सी, सेन्योरा.” म्हणजे, हो बाईसाहेब!

टॅक्सी करून गेले आणि हात धरून वर चढवलं. तुम्हा सगळ्यांवर जीव आहे, तसाच तुमचाही असू दे.
तुझी ताई