दहाव्याचा शब्द

१६ जानेवारी १९९७
आज सावडले. विलासभाऊजींनी अस्थींची दोन मडकी आणली. एक कृष्णेत सोडले, दुसरे गावोगाव फिरवणार. "वैनी, पंचवीस वर्सं आमदार हुते. लोकास्नी दर्शन नको व्हय?" बाहेर सोप्यात पोटनिवडणुकीच्या तिकिटाचे बोलणे चालले होते. चहा घेऊन गेले तर सगळे गप्प.

१९ जाने.
सांगलीला दवाखान्यात शेवटच्या दिवशी ह्यांच्याजवळ मी एकटीच होते. म्हणाले, "आपल्या पोराला, अजितला उभा करू देऊ नकोस. दर निवडणुकीनं माझं एक माणूस नेलं. मारुती ड्रायव्हर तर माझ्यावरचा मार खाऊन गेला."
कोणाला सांगितलेले नाही. अजितची रजा संपली, विश्रामबागला कॉलेजात परत शिकवायला लागला की बरे.

२३ जाने. दहावा.
घाटावर उभे राहायला जागा नाही. पिंड ठेवला. कावळे झाडावर, एकही खाली येईना. भाऊबंद एकेक शब्द देत होते. पाण्याची योजना पुरी करू. वैनींना अंतर देणार नाही. मी मनात म्हटले, अजित उभा राहणार नाही. तरी काही नाही. मग भाऊजी हात जोडून मोठ्याने म्हणाले, "तात्या, अजितला तुमच्या जागी बसवतो."
लगेच शिवला.
शेजारची म्हातारी म्हणाली, "बग बाई, जीव तितंच अडकला हुता."
लोक ह्यांच्या नावाच्या घोषणा देऊ लागले. अजित रडत होता.

२५ जाने.
झोप नाही. दवाखान्यात बोलले ते खरे, की घाटावरचे. मी मनात शब्द दिला तेव्हा का आले नाहीत.

२ फेब्रु.
दुपारी फोन. नाव नाही. "पोराला म्हणावं, मास्तरकीच कर. प्रचारात रातीबेराती फिरावं लागतं, रस्ते लय वाईट हायती." भाऊजींना सांगितले. हसले. "आवं, तात्यांना असलं फोन रोज यायचं."
पंचवीस वर्षांत ह्यांनी मला एकदाही सांगितले नव्हते.

९ फेब्रु.
अजितने राजीनामा दिला. जेवताना त्याला सगळे सांगितले.
"दहाव्याला का नाही बोललीस?"
"एवढी माणसं होती."
"त्या माणसांसमोर काकांनी शब्द दिलाय, आई. आता मागं कसं फिरू?"
भात तसाच ठेवून उठला.

१४ फेब्रु.
ह्यांची जीप रंगवून आणली. अजित पांढऱ्या कपड्यात. मागून बघितले, क्षणभर वाटले, हेच निघालेत.

४ मार्च
अर्ज भरायचा दिवस. सकाळपासून दारात गाड्या. ओवाळायला माझी जाऊ ताट घेऊन उभी राहिली. अजित म्हणाला, "आईच ओवाळेल." ती दबक्या आवाजात म्हणाली, "आरं, त्यांनी कसं ओवाळायचं आता?" "मग मी जात नाही." भाऊजी आत आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैनी, घ्या ताट. आमचं काय म्हणणं न्हाई."
मी देवघरात येऊन बसले आहे. ताट पुढ्यात आहे, निरांजन लावलेले. अजित उंबऱ्यात येऊन उभा आहे. हाक मारत नाही, नुसता बघतो आहे.