ह्यांची बुटकी खुर्ची

भावोजी,

पुढे 'सप्रेम नमस्कार' लिहवत नाही.

कमरेच्या मणक्यातली सरकलेली चकती काढल्यावर मी इस्पितळात पडून होते, तेव्हा तुम्ही ह्यांची खुर्ची भंगारवाल्याला देऊन टाकलीत. वर मलाच म्हणालात, "वहिनी, डॉक्टरांनी खाली बसायला बंदी केलीय. मग ती बुटकी खुर्ची हवी कशाला?"

मी तिच्यात कधी बसलेच नव्हते. हे गेल्यापासून रोज दुपारी समोर स्टूल ओढून मी तिला पुस्तक वाचून दाखवत होते. एखादा शब्द अडला की हे सांगतील म्हणून थांबायचे. तुम्ही विचारलं असतंत, तर लाज सोडून हेही सांगितलं असतं.

खुर्ची शोधून आणा, नाहीतर माझ्या दारात उभे राहू नका. पण दीड महिना मला वाकायचं नाही, जिना उतरायचा नाही. चहा, गोळ्या, भाजी, सगळं तुम्हीच आणता. हे पत्र पेटीत टाकायलाही तुमच्याच हाती द्यावं लागेल. म्हणून ते उशीखाली ठेवते. जिना उतरायची परवानगी मिळाली, की आधी पेटीपर्यंतच जाईन.

तोवर तुमच्या हातचा चहा निमूट पिणारी,
वहिनी